एकशे बेचाळीस सभासदांची पावतीताई

चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला, जिना संपतो तिथं, चार खोल्यांचं एक कार्यालय होतं. त्यातल्या सगळ्यात लहान खोलीत खिडकीकडे तोंड करून एक बाई बसायची. तिला सगळे पावतीताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट कोण वाचतंय? सत्तावीस वर्षं तिनं पावत्या फाडल्या होत्या, आणि आता पावत्या संगणकातून निघू लागल्या तरी लोक म्हणत, "ताई, आमची पावती फाडलीत का?"

कार्यालय एका मंडळाचं होतं. पैसे गुंतवणाऱ्यांचं मंडळ म्हटलं की लोकांना वाटायचं, गाड्यांतून फिरणाऱ्या शेठांचा क्लब असेल. तसं काही नव्हतं. शिक्षकांचा निवृत्ती निधी, बस कामगारांचा निधी, परिचारिकांची पतपेढी, काही विमा कंपन्या, दोन-चार धर्मादाय निधी आणि लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या काही मोठाल्या कंपन्या असे एकशे बेचाळीस सभासद. या सगळ्यांचे पैसे कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, खाणीत, दुकानांच्या साखळीत लागलेले असत. मग मंडळ त्या कारखानदारांना जाऊन विचारायचं, बाबा रे, तुमचं सांडपाणी कुठं जातं? कामगार आजारी पडला तर त्याचं काय करता? एकट्या शिक्षकांच्या निधीनं विचारलं असतं तर दारातूनच बोळवण झाली असती. एकशे बेचाळीस जण मिळून आले म्हटल्यावर खुर्ची मिळायची, चहा मिळायचा आणि कधीकधी उत्तरही मिळायचं.

आता विचारणाऱ्यांनाही पोट असतं. चौदा माणसांचे पगार, भाडं, वीज, छपाई. त्यासाठी वर्गणी. वर्गणीच्या सहा पायऱ्या होत्या. जो निधी जितके पैसे सांभाळतो त्याप्रमाणे त्याची पायरी. सगळ्यात खालच्या पायरीला वर्षाचे पाच हजार, सगळ्यात वरच्या पायरीला चार लाख. वर्गणीखेरीज वार्षिक मेळाव्याची प्रवेश फी, प्रशिक्षण वर्गांचे थोडे पैसे, आणि एका जुन्या धर्मादाय निधीचं अनुदान. बस्स. ज्या कारखान्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याकडून छदामही घ्यायचा नाही, असं मंडळ काढणाऱ्या म्हाताऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

हे सगळं पावतीताईला तोंडपाठ होतं. पण तिची खरी गंमत वेगळी होती. तिची तंद्री लागायची.

परिचारिकांच्या पतपेढीचा धनादेश आला की तो हातात घेऊन ती खिडकीबाहेर बघत राही. समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर तिला दवाखान्याची लांबलचक ओसरी दिसे. तिथून मऊ तळव्यांचे बूट घालून कुणी बाई औषधांचा ट्रे घेऊन सावकाश चाललेली असे. तिच्या पगारातून कापलेले चार पैसे पतपेढीत गेले, तिथून थेंबभर इकडे आले, आणि आता ते माझ्या बोटांत आहेत, असं काहीतरी ताईच्या मनात चाले. मच्छीमार सोसायटीचा धनादेश आला की भिंतीवर पाणी हलू लागे. खारट वास येतोय असंसुद्धा तिला वाटे. बाहेरून कुणीतरी ओरडे, "ताई, फोन वाजतोय! पाचव्यांदा!"

लहानपणीही हेच. तिची आई शिवणकाम करायची. काजं करायला बसवलेली मुलगी सुई हवेत धरून तासभर बसलेली बघून आई कपाळाला हात लावायची. "हिला कामाला कोण ठेवणार गं बाई," असं ती मावशीला म्हणायची, आणि मावशी म्हणायची, "बघत बसायची नोकरी निघाली तर हिलाच मिळेल."

नोकरी मिळाली ती तीन महिन्यांची, टंकलेखिका म्हणून. तेव्हा मंडळाचे सभासद होते अकरा. म्हातारे साहेब एका विमा कंपनीतली गलेलठ्ठ पगाराची जागा सोडून आले होते आणि स्वतःची जुनी खुर्ची तेवढी बरोबर आणली होती. दुसऱ्याच महिन्यात पगार लांबला. साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, दोन सभासदांची वर्गणी यायची आहे. आली की पहिला पगार तुझा."

"आणि नाही आली तर?"

"तर आपण दोघं जाऊन मागू."

खरंच गेले. बस कामगारांच्या निधीचं कार्यालय आगाराच्या मागं एका पत्र्याच्या खोलीत होतं. धनादेश टपालात टाकायचा राहूनच गेला होता. तो शोधून होईपर्यंत ताईला बाहेर बाकावर बसावं लागलं, आणि तिची नेहमीप्रमाणे तंद्री लागली. डोळे उघडे, लक्ष कुठंच नाही. ड्यूटी संपवून आलेल्या एका ड्रायव्हरनं तीन वेळा विचारलं, "अहो बाई, सरकता का जरा?" मग तो हसून जमिनीवरच बसला. दीड वर्षानं त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर एका सुट्टीच्या दुपारी तिनं कागदावर रेघा ओढून नवऱ्याला दाखवलं. "तुमच्या पगारातून निधीला जातात ते हे. निधी मंडळाला वर्गणी देतो ती ही. आणि त्यातून माझा पगार हा."

नवऱ्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे तुझा पगार मीच देतो?"

"शेंगदाण्याएवढा."

"मग साहेबीण, उद्यापासून मला विचारल्याशिवाय रजा घ्यायची नाही!"

तीन महिन्यांची सत्तावीस वर्षं कशी झाली ते तिला कळलंच नाही. म्हातारे साहेब गेले. त्यांच्या जागी चिटणीसबाई आल्या. हुशार, पायाला भिंगरी लावलेल्या, बोलता बोलता तीन कामं उरकणाऱ्या. त्यांनी अकराचे शंभर आणि शंभराचे एकशे बेचाळीस सभासद केले. ताईला त्यांचं कौतुक होतं आणि थोडा धाकही होता.

मग एका वर्षी धर्मादाय निधीचं पत्र आलं. तीस लाखांचं अनुदान या वर्षापासून बंद. त्यांनी आता शाळा बांधायचं ठरवलं होतं. चुकीचं काही नव्हतं, शाळाही हव्याच. पण मंडळाची वर्षाची मिळकत शंभर लाखांची, त्यातले तीस एका पत्रानिशी गेले. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले जात, पण बोलणं होत नसे.

पंधरा दिवसांनी चिटणीसबाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आल्या. "झालं काम!" त्या म्हणाल्या. "मोठं घर देतंय."

मोठं घर हे एका सभासदाचं कार्यालयातलं टोपणनाव. लोकांचे पैसे सांभाळणारी ती सगळ्यात मोठी कंपनी. वरच्या पायरीची चार लाख वर्गणी ते भरतच होते. आता वर आणखी तीस लाख, दरवर्षी, पाच वर्षं. अट एकही नाही. पहिल्या वर्षाचे पैसे लगेच, आणि पाच वर्षांच्या कराराला वार्षिक सभेची मंजुरी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनंही वाजवल्या. तिच्या टाळीत खोट नव्हती.

मोठ्या घरानं नदीकाठच्या आपल्या इमारतीत एक मजलाही कमी भाड्यानं देऊ केला. चिटणीसबाई ताईला घेऊन तो बघायला गेल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. मजला रिकामा होता. एक खुर्ची नाही, टेबल नाही, नुसती जमीन आणि तिन्ही बाजूंनी काच. खाली नदी. पाण्यावरचं ऊन काचेतून वर येऊन छतावर थरथरत होतं. ताई मधोमध उभी राहिली, आणि तिला वाटलं आपण पाण्याच्या आत आहोत. आवाज नाही, वजन नाही. चिटणीसबाई कुठूनतरी लांबून बोलत होत्या, "तुमचं टेबल इथं ठेवू, ताई. या कोपऱ्यात. बघा, किती आकाश!" ताईनं मान डोलावली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "काय गं, पाय जमिनीवर आहेत का?"

"नाहीत," ती म्हणाली.

मंडळात एक अहवाल लिहिणारी होती. सगळे तिला अहवालवाली म्हणत. तीस-बत्तीस वर्षांची, एका लहान मुलीची आई, बोलायला फटकळ आणि लिहायला नेटकी. त्या वर्षी ती एका रंगाच्या कारखान्यावर लिहीत होती. कापडाला लागणारे रंग तयार करणारा कारखाना, इथून अडीच तासांवरच्या गावात. ती तिथं आठ वेळा जाऊन आली. एकदा आल्यावर ताईच्या खोलीत टेकली आणि म्हणाली, "ताई, तिथल्या ओढ्याला वारांप्रमाणे रंग असतो. सोमवारी निळा, गुरुवारी लाल. लहान पोरं सांगतात, आज कुठला वार ते ओढ्याकडे बघून."

ताईच्या डोळ्यांसमोर ओढा आला. निळा, मग जांभळा, मग तांबूस, रानातून हळूहळू वाहणारा. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं असावं.

"हसू नका," अहवालवाली म्हणाली. "कारखान्यात काम करणाऱ्या बायांचे हात कोपरापर्यंत सोललेत."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवाल मार्चमध्ये पूर्ण झाला. एप्रिल गेला. मे गेला. जूनमध्ये छापखानेवाल्याचा ताईला फोन आला. तो जुना ओळखीचा, बिलासाठी नेहमी तिच्याशीच बोलायचा. "ताई, तुमचा कागद येऊन पडलाय तीन महिने. छापायचं का परत पाठवू? माझ्याकडं ठेवायला जागा नाही हो."

"कुठलं काम?"

"तेच, रंगाच्या कारखान्याचं. तुमच्याकडून सांगितलं, जरा थांबा. किती थांबू?"

ताईनं फोन ठेवला. मग कपाटातून सभासदांची माहिती काढली, आणि मोठ्या घरानं कुठं कुठं पैसे लावलेत त्याची छापील पुस्तिका चाळली. रंगाचा कारखाना सहाव्या पानावर होता. मोठ्या रकमांच्या यादीत, बराच वर.

ती अहवालवालीकडे गेली. "तुला कुणी काही म्हणालं का?"

"कुणी काही म्हणत नाही, हेच तर," ती म्हणाली. "आकडे परत तपासू, म्हणतात. तपासले. भाषा सौम्य करू, म्हणतात. केली. आता म्हणतात, सभा होऊन जाऊ दे. मोठ्या घराकडून फोन नाही, चिठ्ठी नाही. मीच रात्रंदिवस विचार करते की हे वाक्य त्यांना लागेल का. मला कुणी सांगितलेलं नसताना."

त्यानंतर आठवडाभर ताईची तंद्री लागेना. ती खिडकीकडे बघे आणि समोर नुसती भिंत दिसे. चुन्याचे पोपडे, एक गंजका पाइप. आयुष्यात पहिल्यांदा तिला भिंत भिंतीसारखी दिसत होती, आणि ते तिला सहन होईना.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बूट पुसत होता.

"तू काय करू शकतेस?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"मी पावत्या करते."

"मग?"

"आणि सभेत जमा वाचते. पाच ओळी. वर्गणी इतकी, मेळावा इतका, वर्ग इतके, देणग्या इतक्या, एकूण इतके. लोक तेव्हा जांभया देतात."

"पाच ओळीच का वाचतेस?"

"नेहमी तशाच वाचतात."

नवऱ्यानं दुसरा बूट घेतला. ताई मात्र बराच वेळ त्या ब्रशाकडे बघत राहिली.

सभेच्या चार दिवस आधी ती चिटणीसबाईंच्या खोलीत गेली. मागून काही करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. "बाई, या वर्षी जमा वाचताना सगळी यादी वाचते. सभासदवार."

बाईंचा एक कान फोनला होता. "एकशे बेचाळीस नावं? झोपतील हो लोक."

"झोपू देत."

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि क्षणभर ताईकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "वाचा. तुमचा हक्क आहे."

सभा एका शाळेच्या सभागृहात होती. दुपारचे तीन, उन्हाचे पट्टे बाकांवर पडलेले, वर पंखे. दीडशेच्या आसपास माणसं. पहिल्या रांगेत खजिनदार, म्हणजे शिक्षकांच्या निधीकडून आलेले निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांच्या शेजारी मोठ्या घराचे प्रतिनिधी, उंच, शांत, निळ्या टायचे गृहस्थ. ताईचा नंबर आला. ती उठली, कागद सरळ केले आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात केली.

"धोबी कामगार बचत निधी. पाच हजार. मच्छीमार सोसायटी. पाच हजार. अंध विणकर निधी. पाच हजार, दोन हप्त्यांत."

पहिल्या दहा नावांना लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. विसाव्याला मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, संध्याकाळी घरी जायचंय आम्हाला!" हशा पिकला. ताईही हसली आणि पुढं वाचत राहिली. हळूहळू एक वेगळंच घडू लागलं. आपलं नाव आलं की माणूस बाकावर सावरून बसायचा. शेजारचा त्याच्याकडे बघायचा. परिचारिकांच्या पतपेढीचं नाव आलं तेव्हा तिथल्या दोघी बायकांनी नकळत हात वर केला, वर्गात हजेरी देतात तसा. मग पुढच्यांनीही केला. नाव, रक्कम, हात. नाव, रक्कम, हात. ताईचा आवाज चढला नाही की उतरला नाही. तिला वाटत होतं आपण कुठल्यातरी लांबलचक ओसरीतून चालतोय आणि दोन्ही बाजूंची दारं एकेक करून उघडताहेत, प्रत्येक दारात कुणीतरी उभं आहे. ऊन बाकांवरून सरकत भिंतीशी गेलं. सत्तावीस वर्षं तिनं हे सगळे फक्त कागदावर पाहिले होते.

एकशे एक्केचाळीस नावं झाली. "यांची सगळ्यांची मिळून वर्गणी छप्पन्न लाख," ती म्हणाली. "मेळावा आणि वर्ग मिळून दहा लाख." मग कागद उलटला. "आणि एका सभासदाकडून वर्गणी व देणगी मिळून चौतीस लाख. एकूण शंभर."

ती खाली बसली.

बस कामगारांच्या निधीतर्फे एक कंडक्टरबाई आल्या होत्या, भारदस्त आवाजाच्या. त्या उठल्या. "म्हणजे शंभरातले चौतीस एकाचे. उद्या ते रुसले तर?"

"ते कशाला रुसतील?" कुणीतरी म्हणालं.

"मी ते नाही विचारलं. रुसले तर आपण काय करतो?"

खजिनदार मास्तर चष्मा काढून पुसत होते. ते म्हणाले, "मला एक साधं विचारायचंय. रंगाच्या कारखान्याचा अहवाल मार्चमध्ये तयार झाला असं मला सांगितलं होतं. कुठं आहे तो?"

निळ्या टायचे गृहस्थ लगेच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "आम्ही त्याबद्दल कधीही, एका शब्दानंही काही म्हटलेलं नाही. हे नोंदवून घ्या."

सगळ्यांनी चिटणीसबाईंकडे पाहिलं. बाई टेबलाचा काठ धरून उठल्या.

"ते खरं सांगताहेत," त्या म्हणाल्या. "त्यांनी काही म्हटलं नाही. मीच थांबवला. मला चौदा पगार द्यायचे होते." मग म्हणाल्या, "मला वाटलं, थोडेच दिवस. कुणाला कळणारही नाही. मलासुद्धा."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढचे दोन तास चर्चा झाली, वाद झाले, दोघे तर चिडून बाहेर जाऊन परत आले. शेवटी ठरलं ते असं. अहवाल पंधरवड्यात छापायचा. पाच वर्षांचा करार करायचा नाही. कुठल्याही एका सभासदाकडून मंडळाच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घ्यायचं नाही, आणि दरवर्षी सगळी यादी मोठ्यानं वाचायची. वरच्या चार पायऱ्यांची वर्गणी पाव पटीनं वाढवायची, खालच्या दोन तशाच ठेवायच्या. धोबी निधीचे गृहस्थ उठून म्हणाले, "आमचीही वाढवा." मास्तरांनी त्यांना हात धरून बसवलं.

वाढीव वर्गणीतून बारा लाख आले, तीस नाही. नदीकाठचा काचेचा मजला गेला. चौदातल्या तीन जणांची नोकरी गेली. बाकीच्यांनी आठवड्याचे चार दिवस काम आणि चार दिवसांचा पगार मान्य केला, त्यात ताई आणि चिटणीसबाईही आल्या. बाईंनी राजीनामा पुढं केला होता, तो सभासदांनी घेतला नाही. मोठं घर वर्षभर साध्या वर्गणीवर राहिलं, मग गेलं, आणि दोन वर्षांनी काही न बोलता परत आलं.

नोकरी गेलेल्या तिघांत अहवालवाली होती. नियम होता, शेवटी आलेला आधी जाणार. अहवाल छापून आला त्याच आठवड्यात ती सामान न्यायला आली. ताई दारात उभी होती.

"तुमच्या यादीनं माझा अहवाल छापला आणि माझी नोकरी खाल्ली," ती म्हणाली. "दोन्ही एकाच दुपारी."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. तिला आणखी बरंच बोलायचं होतं. पण अहवालवाली खोका उचलून जिना उतरू लागली होती.

त्या दिवसापासून बुधवार ताईचा रिकामा झाला. सुरुवातीला काय करावं सुचेना. घर आवरून झालं की ती खिडकीशी बसे, आणि आता तंद्री परत येऊ लागली होती, पण तिच्यात एक काटा असे. पांढऱ्या भिंतीवर जो तो चालत येई, त्याच्या मागं खोका घेतलेली एक पाठमोरी बाई जिना उतरत असे.

सहाएक महिन्यांनी छापखानेवाल्याकडून कळलं, अहवालवाली त्या रंगाच्या गावातच आहे. तिथल्या कामगारांच्या दवाखान्यात काम करते. पुढच्या बुधवारी ताई सकाळच्या बसमध्ये बसली. नवऱ्याला म्हणाली, "येते." त्यानं कुठं ते विचारलं नाही, फक्त खिडकीजवळची जागा कुठल्या बाजूला घ्यावी म्हणजे ऊन लागणार नाही ते सांगितलं.

अडीच तास ती अर्धवट जागी, अर्धवट झोपेत होती. शेतं, वीटभट्ट्या, एक तळं, परत शेतं. गाव आलं तेव्हा तिनं आधी ओढा शोधला. पुलावरून खाली पाहिलं. पाणी पूर्ण स्वच्छ नव्हतं. मळकट, चहाच्या रंगाचं. पण निळं नव्हतं, लालही नव्हतं. पुलावर एक म्हातारी भाजी विकत होती. ताईनं विचारलं, "आजी, याला रंग असायचा ना?"

"होता. आता कारखान्यानं टाक्या बांधल्यात. पाणी गाळून सोडतात म्हणे."

"का बांधल्या?"

म्हातारीनं खांदे उडवले. "कुणीतरी विचारलं असेल." मग म्हणाली, "शनिवारी अजून येतो थोडा रंग. सुट्टी असते ना तपासणाऱ्याला."

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेरच्या खोलीत अहवालवाली जमिनीवर बसली होती, चारी बाजूंना रुग्णांच्या कार्डांचे ढीग. तिनं वर पाहिलं. हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"रागवायला आलीस तरी चालेल," ताई म्हणाली, आणि आलो आपणच आहोत हे लक्षात येऊन गोंधळली.

अहवालवालीला हसू आवरेना. मग ते हसू ओसरलं. "राग आहे अजून. संपलेला नाही," ती म्हणाली. "पगार निम्मा आहे इथं. मुलीला आईकडे ठेवावं लागतं आठवड्यातले तीन दिवस."

"हो."

"पण यादी वाचली नसती तर बरं झालं असतं, असं नाही म्हणवत मला. किती प्रयत्न केला म्हणायचा."

आतून एक बाई आली, हातांना मलम लावलेली, बोटं पसरून धरलेली, ओल्या रंगाला धक्का लागू नये तशी. तिला कार्ड हवं होतं. अहवालवालीनं एक ढीग उपसला, मग दुसरा. "या खोल्यांत कार्ड सापडलं तर नशीब," ती पुटपुटली. "कुणी तारखेनं लावलीत, कुणी नावानं, कुणी कशानंच नाही."

ताई पायातल्या चपला काढून तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "आडनावानं लावू या का? आणि एकाच घरातली एकत्र?"

"तुम्हाला परत जायचं नाही?"

"चारला बस आहे."

दोघी कामाला लागल्या. मलमवाली बाई दारातच टेकली आणि नावं सांगू लागली, कोण कुणाची सून, कोण कुणाची जाऊ, कुठली दोन कार्डं खरं तर एकाच बाईची आहेत. ताई प्रत्येक कार्ड हातात घेई, क्षणभर जास्तच बघे, मग जागेवर ठेवी. दुपार दारातून आत आली, भिंतीवर चढली, पिवळी झाली. कारखान्याचा भोंगा लांबून वाजला. अहवालवालीनं कधीतरी चहाचा पेला तिच्या गुडघ्याशी ठेवला, आणि तो तसाच निवून गेला.

चारची बस चुकली. ताई साडेपाचच्या बसनं आली.